थुंकलीस तर एक फेरी

जोतिबाची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं, तर ही माझी कवळी आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत, ह्या चहाच्या कपात पडू दे. हसू नका. कवळीचं पुढं काम आहे.

तर, सकाळचे नऊ वाजले होते आणि मी फक्की मारत होते. केनियात. आठ हजार फूट उंचीवर, तांबड्या मातीच्या मैदानात, पंजाबी ड्रेसवर टॉवेलची टापशी बांधून आणि हातात चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन. दहा वाजता शर्यत होती.

"मामा मालन, रेषा वाकडी आली!" कोच किमेली लांबूनच ओरडला.

"माझी रेषा? अरे, एकतीस वर्षं रेषा मारतेय मी. वाकडे तुझे डोळे असतील!"

हे सगळं आमच्या मोडक्या इंग्रजीत चालायचं, मी आपलं आपल्या भाषेत सांगते. आणि मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. तिकडं वयानं मोठ्या बाईला मानानं मामा म्हणतात. आमच्या ह्यांना फोनवर सांगितलं तर हे दोन दिवस हसत होते. "अगं, गेलीस मावशी आणि तिथं मामा झालीस!"

मी इचलकरंजीत मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होते. घाटगेबाई म्हटलं की मुलीच काय, त्यांच्या आयासुद्धा शर्ट नीट खोचायच्या. रिटायर झाले आणि घरात जीव रमेना. माझा भाचा नैरोबीत नोकरीला. तो म्हणाला, "मावशी, इथं वर डोंगरात पळणाऱ्या मुलींची एक अ‍ॅकॅडमी आहे. त्यांना स्वयंसेवक हवेत. सहा महिने राहायचं, जेवणखाण त्यांचं."

हे म्हणाले, "तिथं सिंह असतात."

म्हटलं, "असू देत. शिट्टी आहे माझ्याकडं."

पहिल्याच सकाळी माझी बोबडी वळली. सहाला उठून पाहते तर बेचाळीस मुली होत्या त्या खोल्यांमधे चिटपाखरू नाही. पांघरुणं घडी करून ठेवलेली. मी तशीच अनवाणी धावत गेले आणि किमेलीचं दार बडवलं. "अहो कोच, उठा! पोरी पळाल्या!"

तो दात घासत बाहेर आला. "हो मामा. त्यासाठीच आल्यात त्या."

चहाच्या आधी बारा किलोमीटर. रोज. परत आल्या की घामानं निथळत चुलीपाशी बसायच्या, गोडमिट्ट दुधाचा चहा प्यायच्या, आणि मग बूट धुऊन कुंपणाच्या काट्यांवर उलटे टांगायच्या. मक्याच्या पिठाचा पांढरा गोळा आणि पालेभाजी, दोन्ही वेळेला. तो गोळा मी चार दिवस खाल्ला. पाचव्या दिवशी त्याच पिठाची भाकरी थापून दाखवली. मुली हात लावून बघायच्या, उलटी करून बघायच्या, आणि मग ती पुन्हा कुस्करून गोळा करून खायच्या. एकच गोष्ट मला घशाखाली उतरवता आली नाही. ते लोक भोपळ्याचा तुंबा आतून कोळशानं घासतात आणि त्यात दूध आंबवतात. करडं दिसतं, राखेचं पाणी जसं. पहिल्यांदा वास घेतला आणि शिंक आल्याचं नाटक करून बाहेर पळाले.

आणि थुंकणं!

पळणारी मुलगी थुंकते, हे मला कळतं. घसा कोरडा पडतो. पण शाळेत माझा नियम होता, थुंकलीस तर मैदानाला एक फेरी. एकतीस वर्षांत तो मी हेडमास्तरांच्या भाचीलासुद्धा सोडला नव्हता. तोच नियम मी तिथं लावला. थुंकली की शिट्टी, शिट्टी वाजली की फेरी. मुलींना आधी खरंच वाटेना. एकमेकींकडं बघून तोंडावर हात ठेवायच्या.

किमेली एकदा म्हणाला, "मामा, आमच्याकडं थुंकणं म्हणजे नुसतं —"

"घाण ती घाण," मी म्हटलं. "कुठल्याही देशात."

तो विषय तिथंच संपला.

आता जेलागात. सतरा वर्षांची, शिडशिडीत, मान जराशी डावीकडं कलती ठेवून पळायची, जसं काही कुणी कानात सांगतंय आणि ती ऐकतेय. दिवसाकाठी दहा शब्द बोलायची. सगळ्या मुली मला मामा म्हणायच्या, ही एकटी मला 'कोगो' म्हणायची. त्यांच्या भाषेत कोगो म्हणजे आजी. तोवर मला नातवंड नव्हतं. मी आपली ओ द्यायची.

वर्षातून एकदा तिथं निवडीची शर्यत होते, तीन हजार मीटर, साडेसात फेऱ्या. पहिल्या दोघींना नैरोबीच्या निवासी शाळेत जागा. शिक्षण, कोच, सगळं. बाकीच्या घरी. जेलागात आदल्या वर्षी पाचव्या फेरीला पोट धरून खाली बसली होती. नंतर डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नव्हतं. आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे हीच शेवटची. नाहीतर काकाच्या चहाच्या मळ्यात पानं खुडायची, जन्मभर.

पाच महिने मी तिच्या मागं लागले होते. तिचे मोजे रफू केले, टाचेला ठिगळ, अंगठ्याला ठिगळ, शेवटी मोजा कमी आणि माझा दोराच जास्त. पाचव्या फेरीला मी मैदानाच्या कडेनं तिच्यासोबत पळायची आणि ओरडायची, "पोट नाही दुखत! पोट नाही दुखत!" मराठीतच. तिला ते पाठ झालं होतं.

तर त्या दिवशी सकाळी मी फक्की मारतेय. मैदानाभोवती तीन-चारशे माणसं जमलेली, आया, बाप, शेळ्या, शेंगदाणे विकणाऱ्या बायका. निवड करायला नैरोबीहून साहेब लोक आलेले, खुर्च्या टाकून बसलेले. मी मान वर केली, आणि पलीकडच्या कोपऱ्यात बाभळीसारख्या एका झाडाखाली जेलागात दिसली.

तिच्यासमोर एक म्हातारी उभी होती. ठेंगणी, अंगावर लाल चौकड्यांचं कापड, हातात तुंबा. मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होती. हात हलवत होती. भांडतेय असं वाटलं मला. आणि जेलागात मान खाली घालून, गुडघ्यात वाकून उभी.

आणि ती म्हातारी तिच्या छातीवर थुंकली.

नुसती थुंकली नाही. फुर्रकन, तोंड भरून. जेलागातच्या पाठपोट लावलेल्या सतरा नंबरावर ओघळ आले.

माझ्या हातातला डबा खाली पडला. ती फक्कीची रास नंतर कितीतरी दिवस तिथं होती. मी पळाले. साठीला टेकलेली बाई, पण अशी पळाले की साहेब लोकांनी घड्याळं काढली असतील. मधे कोण आलं, कोणाच्या शेंगदाण्यांची टोपली लवंडली, मला माहीत नाही. शिट्टी फुंकत गेले आणि त्या म्हातारीच्या आणि पोरीच्या मधे उभी राहिले.

"शरम नाही वाटत? तुमच्या नातीच्या वयाची पोर! शर्यतीच्या दिवशी! तिच्या अंगावर थुंकता?"

मराठीतच ओरडले. म्हातारी तुंबा छातीशी धरून माझ्याकडं बघत राहिली. मी जेलागातचं मनगट धरलं आणि ओढत नळावर नेलं. नंबर काढला, धुतला. माझ्या पिशवीत साबणाची वडी असायचीच. तिचा बनियन पुढून घासला, गळा घासला, हनुवटी घासली, पदरानं, म्हणजे ओढणीनं, टिपून कोरडं केलं, नंबर परत टाचला. "झालं. गेलं सगळं. काही उरलं नाही बघ," मी म्हणत होते.

मग माझ्या लक्षात आलं की मैदानात आवाजच नाही. चारशे माणसं, आणि शेळीसुद्धा ओरडत नव्हती. सगळे आमच्याकडं बघत होते.

जेलागात नळाशेजारी मातीत बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"अगं, काय करतेस?"

उजवा बूट काढला. डावा काढला. माझे रफू केलेले मोजे काढले, त्यांची नीट घडी घातली आणि बुटांत ठेवली.

"मी पळणार नाही, कोगो."

"का?"

"तू ते धुतलंस."

किमेली धावत आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. हाच माणूस, एकदा आमची बस दरीत कलंडायला आली तेव्हा शीळ घालत बसला होता.

"मामा, ती तापसुबेई आहे. हिची आजी. आईबाप नाहीत पोरीला, तिनंच वाढवलं. परवापासून चालतेय ती खालच्या दरीतून. हे द्यायला आली होती."

"काय द्यायला? थुंकी?"

"आशीर्वाद," किमेली म्हणाला. "आमच्यात म्हातारं माणूस असाच देतं. आपल्या तोंडातलं देतं."

मला एकदम खाली बसावंसं वाटलं. बसलेच. नळाच्या चिखलात.

माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी पाळण्यात वाकून तीनदा थू थू केलं होतं, दृष्ट लागू नये म्हणून. थोडं उडालंही होतं तिच्या गालावर. मी पुसलं नव्हतं. तेव्हा माझी हिंमतच नव्हती.

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"पंचवीस मिनिटं."

"मग तिला सांग, पुन्हा दे म्हणावं. मी पाया पडते."

आम्ही तिघं त्या झाडाखाली गेलो. म्हातारी आमच्याकडं पाठ करून दगडावर बसली होती. किमेलीनं पुष्कळ सांगितलं. ती वळली नाही. मग तिनं दोनच वाक्यं टाकली, आणि जमलेल्या बायकांनी "हं" असा हुंकार भरला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्या तोंडातलं मी दिलं, ते पाण्यात गेलं. आता जिनं धुतलं तिनं द्यावं."

"मी?"

"तुम्ही."

अहो, मी! घाटगेबाई! जिनं पाच महिने तिथं थुंकणाऱ्या पोरींना उन्हात पळवलं!

"पण," किमेलीनं डोकं खाजवलं, "ती म्हणतेय, ही बाई म्हातारी कुठं आहे? केस तर काळे आहेत. तरण्या बाईचा आशीर्वाद चालत नाही."

आता आली का पंचाईत! निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनीच मला मेंदी-कलप लावून दिला होता, परदेशी जातेय म्हणून. आणि पुढचे सहा महिने पुरतील एवढी पाकिटं बॅगेत भरली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी तरणी म्हणालं, आणि ते असं!

मी टापशी सोडली, भांगात बोट घालून मुळाशी पांढरे केस दाखवले. म्हातारीनं बघून नाक मुरडलं. एवढे तर तिच्या सुनेलाही होते.

वीस मिनिटं.

मग मी तोंडात अंगठा घातला आणि कवळी काढली. वरची आणि खालची. हातावर ठेवून तिच्यापुढं धरली.

चारशे माणसांनी एकदम श्वास घेतला. शेंगदाणेवाली किंचाळली. आमच्यातली एक बारकी पोरगी उलट्या दिशेनं अशी सुटली की तेव्हाच निवड झाली असती तर पहिली आली असती. तिथल्या लोकांनी दात काढून हातात घेणारं माणूस पाहिलंच नव्हतं. एका म्हाताऱ्याबुवांनी आपले दात हलवून पाहिले.

आणि तापसुबेई हसली. तोंड उघडून, पोट धरून. तिच्या तोंडातही एक दात नव्हता. आम्ही दोघी बोळक्या एकमेकींपुढं उभ्या.

तिनं तुंबा पुढं केला.

तेच दूध. करडं. मी डोळे मिटले आणि घोट भरला. कोळसा, आंबट, धूर, सगळं एकदम आलं. गिळायचं नव्हतं तेवढं नशीब. जेलागात माझ्यापुढं आली. अनवाणी होती. माझ्याहून हातभर उंच पोर, गुडघ्यात वाकली आणि मान खाली घातली.

काय म्हणायचं असतं, ते विचारायला तोंड मोकळं नव्हतं. मनातल्या मनात म्हटलं, औक्षवंत हो माझे बाई, आणि त्या पोटाला सांग दुखायचं नाही म्हणून.

आणि फुर्र!

कवळी नसताना नेम काय कपाळ लागणार! निम्मं छातीवर, निम्मं तिच्या डोळ्यात. जेलागातनं डोळासुद्धा मिटला नाही. तिनं सतरा नंबरावर पसरलेला तो ओला डाग तळहातानं दाबून धरला. मग नळापाशी जाऊन मोजे घातले. बूट घातले.

तेवढ्यात आमच्या पोरींच्या घोळक्यातून आवाज आला. "मामा! एक फेरी!" मग दुसरा. मग बेचाळीसच्या बेचाळीस ओरडायला लागल्या, "एक फेरी! एक फेरी!"

"शर्यत झाल्यावर!" मी बोळक्या तोंडानं ओरडले. काय कळलं असेल त्यांना, देव जाणे.

शिट्टी झाली आणि पोरी सुटल्या. जेलागात सुरुवातीला मागं, नेहमीसारखी, मान कलती. तिसऱ्या फेरीला ती सहावी होती. चौथीला पाचवी. तापसुबेई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. कवळी अजून माझ्या मुठीत.

पाचव्या फेरीला, बरोबर त्याच वळणावर, जेलागातचा हात पोटाकडं गेला.

मी कडेनं पळायला पाऊल उचललं. तापसुबेईनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

पोरीचा हात पोटावर गेला, थांबला, आणि वर सरकला. छातीवर. नंबरावर. तिथं तिनं तो दोन पावलं तसाच ठेवला, मग सोडला. आणि मग जी सुटली! चौथी. तिसरी. शेवटच्या वळणावर पुढच्या दोघी आणि मागं ही, आणि शेवटी माझ्या रेषेवर, माझ्या सरळ रेषेवर, छाती पुढं काढून ती दुसरी आली. वीतभर अंतरानं.

किमेली मातीत लोळत होता. मी ओरडले तेव्हा कवळी हातातून उडाली, दगडावर आपटली, आणि वरचा एक दात तुटला.

जेलागात धापा टाकत आली. आधी तापसुबेईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग माझ्या. मग तापसुबेई माझ्यासमोर आली, तुंब्यातलं उरलंसुरलं तोंडात घेतलं, आणि काही कळायच्या आत माझ्या पंजाबी ड्रेसवर, गळ्याखाली, फुर्र!

मी पुसलं नाही.

तशीच फेरी मारली. चारशे मीटर, तांबड्या मातीतून, बोळकं तोंड उघडं टाकून, ओल्या ड्रेसनं. बेचाळीस पोरी कडेनं पळत होत्या आणि मराठीत ओरडत होत्या, "पोट नाही दुखत! पोट नाही दुखत!" जेलागातनंच शिकवलं असणार त्यांना.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. जेलागात आता त्याच अ‍ॅकॅडमीत कोच आहे. दिवाळीला तिचा फोन येतो. "कोगो," म्हणते, "थुंकलीस का कुठं?"

काय बघताय कवळीकडं? कवळीचं खरं आहे. हा बघा, तुटलेला दात. इथं, वरच्या बाजूला. नवा बसवला नाही मी.

एकच गोष्ट रचून सांगितली.

किमेलीला मी मधेच तोडलं नव्हतं. त्यानं मला सगळं सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात, चुलीपाशी बसून. म्हातारी माणसं कशी देतात, कधी देतात, का देतात. मी दोन कप चहा पीत ऐकलं होतं. नळापाशी त्यानं मला काहीही समजावलं नाही. तो एवढंच म्हणाला होता, "मामा, तुम्हाला माहीत होतं."

माहीत होतं. झाडाखाली ती म्हातारी काय करतेय, हे मला लांबून, फक्कीचा डबा हातात असतानाच कळलं होतं. पण पाच महिने मोजे मी शिवले. पोट नाही दुखत म्हणून घसा मी फोडला. आणि पोर वाकली होती ती दुसऱ्याच कोगोपुढं.

हं. तो कप जरा इकडं सरकवा.